समसंभाव्य: पाठ्यपुस्तकातला एक शब्द आणि लाप्लासचा वर्ग

आजचा विषय 'संभाव्यतेची तोंडओळख' असा जाहीर झाला आहे. त्यामुळे काही जण गणित शिकायला आले असतील, आणि शिक्षक मंडळी बरीच दिसतात. गणित थोडं होईल, घाबरू नका. पण मी तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस, माझं लक्ष सूत्रावर कमी आणि सूत्राआधी येणाऱ्या एका शब्दावर जास्त असतं. तो शब्द म्हणजे 'समसंभाव्य'. आजचं सगळं बोलणं त्या एका शब्दाविषयीच आहे असं म्हटलं तरी चालेल.

आपल्या शालेय पुस्तकांतला हा धडा आठवून बघा. आधी 'यादृच्छिक प्रयोग' येतो, मग 'निष्पत्ती', मग 'समसंभाव्य निष्पत्ती', मग 'नमुना अवकाश', मग 'घटना', आणि शेवटी सूत्र: घटनेतल्या निष्पत्ती भागिले एकूण निष्पत्ती. त्यानंतर नाणं, फासा, बावन्न पत्ते, पिशवीतले लाल-निळे चेंडू. उदाहरणं सोडवली की धडा संपला. मुलांना हा धडा आवडतो, कारण अपूर्णांक आणि मोजदाद यांच्यापलीकडे त्यात काही करावं लागत नाही. मार्क मिळवून देणारा धडा म्हणून त्याची ख्याती आहे, आणि ती खरी आहे.

माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. ज्या विषयाचा जन्म माणसाच्या अनिश्चिततेतून झाला, तो विषय मुलं एकदाही अनिश्चित न होता शिकतात. 'समसंभाव्य' हा शब्द धड्यात एकदा येतो. कोणत्याही एका निष्पत्तीला दुसरीपेक्षा प्राधान्य नसेल तर त्या समसंभाव्य, अशा अर्थाचं एक वाक्य येतं आणि पुस्तक पुढे निघून जातं. पुढच्या प्रत्येक गणितात ती अट पाळली गेली आहे असं गृहीत असतं. ती पाळली गेली आहे की नाही हे कसं ठरवायचं, हा प्रश्न निघतच नाही.

आता बघा, संभाव्यता म्हणजे काय? तर समसंभाव्य निष्पत्तींपैकी अनुकूल किती, त्याचं प्रमाण. मग समसंभाव्य म्हणजे काय? तर ज्यांची संभाव्यता सारखी आहे त्या. म्हणजे संभाव्यता समजायला संभाव्यता आधीच समजलेली हवी. तर्कशास्त्रात याला चक्रक दोष म्हणतात. इथे तर तो शब्दातच दिसतो, 'समसंभाव्य' या शब्दाच्या पोटात 'संभाव्य' बसलेलाच आहे. एखादं हुशार पोर विचारतं, "सर, फासा शकुनीचा असेल तर?" वर्ग हसतो, सरही हसतात आणि म्हणतात, "आपण निर्दोष फासा धरायचा." त्या मुलानं विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारलेला असतो आणि 'धरायचा' या एका क्रियापदानं त्याची बोळवण होते.

ही व्याख्या आली कुठून? तिला लाप्लासची व्याख्या म्हणतात. पिएर सिमों लाप्लास, जन्म १७४९, मृत्यू १८२७. त्याच्या आधीही ती थोडीफार प्रचारात होती, पण ठाम रूप त्यानं दिलं. मला यातला गमतीचा भाग असा वाटतो की ती व्याख्या गणितज्ञांच्या सभेत नव्हे, मास्तरांच्या वर्गात लोकांसमोर आली. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर नव्या शाळांसाठी शिक्षक हवे होते, म्हणून १७९५ मध्ये पॅरिसला एकोल नोर्माल नावाची संस्था उघडण्यात आली. देशभरातून शिकवू पाहणारी मंडळी गोळा केली, हजारावर माणसं होती. वर्ग भरायचे वनस्पती उद्यानातल्या निसर्ग संग्रहालयाच्या सभागृहात. गणिताला लाप्लास आणि लाग्रांज. ते सगळं प्रकरण चारेक महिन्यांतच आटोपलं. आणि आमच्या या व्याख्यानमालेच्या संयोजकांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे, तिथेही लघुलेखक बसवले होते आणि व्याख्यानं उतरवून घेऊन छापली जात होती. त्या मालेतलं संभाव्यतेवरचं व्याख्यान वाढवून वाढवून लाप्लासनं १८१४ मध्ये 'संभाव्यतेवरील तात्त्विक निबंध' प्रसिद्ध केला. समीकरणांशिवाय, सुशिक्षित सामान्य वाचकासाठी लिहिलेला. तेव्हा संभाव्यतेची तोंडओळख विद्यार्थ्यांना कशी करून द्यावी, या प्रश्नाला दिलेलं पहिलं मोठं उत्तर म्हणून हा निबंध वाचता येतो. मी तो तसाच वाचतो, आणि आपल्या धड्याशी ताडून बघतो.

पहिला फरक शब्दाचा. लाप्लास 'सारख्याच संभाव्य' असं म्हणत नाही, तो 'सारख्याच शक्य' असं म्हणतो. आणि तेवढ्यावर न थांबता स्पष्ट करतो की, ज्यांच्या घडण्याबद्दल आपण सारखेच अनिश्चित आहोत ती प्रकरणं सारखी शक्य समजायची. हे पटो अथवा न पटो, पण हे एक विधान आहे. ते सांगतं की बरोबरी फाशात नाही, आपल्या मनात आहे, फाशाबद्दलच्या आपल्या अज्ञानात आहे. आपलं पाठ्यपुस्तक मात्र बरोबरी नाण्याची की आपली, हे सांगतच नाही. इयान हॅकिंग या तत्त्वज्ञानं १९७५ मध्ये या विषयाच्या जन्मावर एक उत्कृष्ट पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की संभाव्यतेला सुरुवातीपासूनच दोन तोंडं आहेत. एक तोंड जगाकडे, म्हणजे पुन्हा पुन्हा केलं तर किती वेळा घडतं. दुसरं माणसाकडे, म्हणजे किती विश्वास ठेवावा. मराठीत आपण 'शक्यता' या एकाच शब्दावर दोन्ही भागवतो, शिवाय 'अशक्य नाही' हा तिसरा अर्थही त्यातच कोंबतो. वर्तमानपत्रात 'घातपाताची शक्यता नाकारता येत नाही' असं येतं, त्यातून दहापैकी किती, हे कोणाला कळतं?

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. व्याख्या दिल्यावर लाप्लास लगेच दुसरं तत्त्व सांगतो: प्रकरणं सारखी शक्य नसतील तर आधी प्रत्येकाची शक्यता ठरवली पाहिजे, आणि हे ठरवणं हाच या शास्त्रातला अत्यंत नाजूक भाग आहे. म्हणजे आपलं पुस्तक जिथे थांबतं तिथे लाप्लासचा वर्ग सुरू होतो. आणि उदाहरण म्हणून तो कोणाची चूक घेतो? दालांबेरची, फ्रान्समधल्या एका मोठ्या गणितज्ञाची. हे मला फार आवडतं. शिक्षकांच्या वर्गात एका थोर माणसाची चूक फळ्यावर मांडायची, त्याला कमी लेखण्यासाठी नव्हे, तर ती चूक किती सहज होते हे दाखवण्यासाठी.

ती चूक अशी. दालांबेरनं १७५४ मध्ये फ्रेंच विश्वकोशात छापा-काटा या विषयावर नोंद लिहिली. प्रश्न साधा आहे: नाणं दोनदा उडवायचं, निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता किती? रूढ उत्तर तीन चतुर्थांश. चार निष्पत्ती: छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा, त्यांतल्या तीन अनुकूल. दालांबेर म्हणाला, थांबा. पहिल्या वेळेसच छापा पडला तर खेळ संपला, दुसऱ्यांदा उडवायचं कशाला? म्हणजे निष्पत्ती तीनच: छापा, काटा मग छापा, काटा मग काटा. तिनांपैकी दोन अनुकूल. उत्तर दोन तृतीयांश.

आता दहावीच्या मुलाला विचारा, यात चूक काय? पुस्तकाच्या व्याख्येनं तो दालांबेरला हरवू शकत नाही. दालांबेरची यादी पूर्ण आहे, तिच्यात पुनरुक्ती नाही, काही राहून गेलेलं नाही. नमुना अवकाश म्हणून ती निर्दोष आहे. एवढंच की तिच्यातली पहिली निष्पत्ती बाकी दोघींच्या दुप्पट वजनाची आहे. आणि हे यादीकडे पाहून कळत नाही, नाण्याकडे पाहूनच कळतं. दुसरा रस्ता प्रयोगाचा. वर्गात चाळीस मुलं असतील, प्रत्येकानं हा खेळ पंचवीस वेळा खेळावा. हजार खेळ झाले. दालांबेर बरोबर असेल तर ६६७च्या आसपास विजय येतील, चूक असेल तर ७५०च्या आसपास. एका तासात १७५४ चा वाद निकालात निघतो. मुलं हे विसरणार नाहीत, कारण अर्धा वर्ग सुरुवातीला दालांबेरच्या बाजूनं असतो.

हजार खेळ कमी वाटत असतील तर करिक नावाच्या गणितज्ञाची गोष्ट सांगा. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये तो स्थानबद्ध होता. वेळ होता, नाणं होतं. दहा हजार वेळा उडवलं, ५०६७ वेळा छापा. अगदी अलीकडे, २०२३ मध्ये, संशोधकांच्या एका मोठ्या गटानं ३,५०,७५७ वेळा नाणी उडवून बघितली. जी बाजू वर ठेवून नाणं उडवलं तीच बाजू वर येण्याचं प्रमाण ५०.८ टक्के भरलं. म्हणजे आपल्या पुस्तकातलं ते आदर्श नाणंसुद्धा हातात घेतल्यावर किंचित कलतं. व्यवहारात एवढ्यानं काही बिघडत नाही. पण अर्धा हे नाण्याच्या दोन बाजू मोजून मिळालेलं उत्तर नाही, तो नाण्याविषयीचा अंदाज आहे आणि तो तपासता येतो, एवढं यातून दिसतं.

खरं तर नाण्यापासून सुरुवात करायलाच नको. आपल्याकडे नाण्यापेक्षा चांगली वस्तू आहे, आणि ती जुन्या घरांतल्या सारीपाटाच्या पिशवीत असते. कवडी. कवडीला दोनच बाजू. उताणी पडेल किंवा पालथी पडेल. मग उताणी पडण्याची संभाव्यता किती? सूत्रानं उत्तर देणारं मूल म्हणेल एक द्वितीयांश. आणि ज्यानं कवडी हातात खेळवली आहे ते मूल म्हणेल, छे! एक बाजू फुगीर, दुसरी चपटी, मधे फट; अशी वस्तू दोन्हीकडे सारखी पडेल कशी? तिचं उत्तर कोणत्याही सूत्रात नाही. शंभर वेळा, दोनशे वेळा टाकावी लागते, नोंद ठेवावी लागते. आणि एका कवडीचं उत्तर दुसरीला लागू पडेलच असं नाही. कवड्या नसतील तर चिंचोके फोडून घ्या, खेड्यांतून तेही चालायचं. एक बाजू काळी, एक पांढरी.

हे जरा पुढे नेऊ, कारण इथे खरं गणित सुरू होतं. सहा कवड्या एकदम टाकल्या. दोन्ही बाजू समसंभाव्य असत्या तर सगळ्या उताण्या पडण्याची संभाव्यता चौसष्टात एक आणि सगळ्या पालथ्या पडण्याचीही तेवढीच. म्हणजे हजार दानांत सोळाच्या आसपास. आता समजा, वर्गानं टाकून पाहिलं आणि कवडी दहात चार वेळा उताणी पडते असं दिसलं. हे मी उदाहरणादाखल धरतो आहे, तुमची कवडी वेगळं सांगेल. तर सगळ्या उताण्या, हे दान हजारात चारदा. सगळ्या पालथ्या, हजारात सत्तेचाळीसदा. अकरापटीहून जास्त फरक! एका कवडीतला थोडासा कल सहा कवड्यांत केवढा झाला. सारीपाटाचे नियम गावागणिक बदलतात, पण कुठल्या दानाला किती घरं द्यायची याचा ज्यांनी विचार केला त्यांना दुर्मीळ दान ओळखता येत होतं एवढं नक्की. मराठीत 'मनासारखं दान पडणं' हा वाक्प्रचार त्याच पटावरून आला आहे. मुलं तो वापरतात, पट मात्र त्यांनी पाहिलेला नसतो.

इथे कोणी तरी महाभारत काढणारच, म्हणून मीच काढतो. वनपर्वात नल आणि ऋतुपर्ण यांची गोष्ट आहे. ऋतुपर्ण धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाकडे बघतो आणि फांद्यांवरून पानांची, फळांची संख्या सांगतो. नल झाड पाडून मोजून बघतो, आकडा जुळतो. मग राजा त्याला अक्षविद्या देतो. हॅकिंगनंही या गोष्टीची दखल घेतली आहे, कारण फाशांची विद्या आणि अंदाजाची विद्या तिथे एकत्र येतात. आणि ते अक्ष म्हणजे घनाकृती फासे नव्हेत, बेहड्याच्या बिया. सहा सारख्या बाजूंची चैन त्यात नव्हती. पण यावरून 'आमच्याकडे संभाव्यताशास्त्र होतंच' असं कोणी म्हणू नये. कथेत विद्या आहे, पद्धत नाही. ऋतुपर्णानं ती मंत्रासारखी दिली, वर्गात शिकवली नाही.

असो. आता लाप्लासवर टीका करायची पाळी. कारण त्याच्या 'सारखेच अनिश्चित' या शब्दांत एक खड्डा आहे आणि त्यात तो स्वतःही पाय घालतो. अज्ञान सारखं आहे म्हणजे शक्यता सारखी आहे, असं म्हणता येईल का? समजा, उद्या आपल्याकडे एक पाहुणा यायचा आहे, त्याच्याबद्दल मला काहीच माहीत नाही. तो कोकणातला असेल किंवा नसेल, दोन्हीबद्दल मी सारखाच अनिश्चित, म्हणजे अर्धा. तो विदर्भातला असेल किंवा नसेल; अर्धा. खानदेशातला असेल किंवा नसेल, अर्धा. तिन्हींची बेरीज दीड! केन्स, तोच अर्थशास्त्रज्ञ, त्यानं १९२१च्या आपल्या संभाव्यतेवरील ग्रंथात पुस्तकाच्या रंगाचं उदाहरण घेऊन असाच घोटाळा दाखवला आहे. दोष कुठे आहे? अज्ञान मोजता येत नाही, त्याचे तुकडे आपण पाडू तसे पडतात. दोन तुकडे पाडले तर अर्धा, पाच पाडले तर पंचमांश. 'उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही, म्हणून फिफ्टी-फिफ्टी' हे वाक्य आपण रोज ऐकतो. पुण्यात जुलैतही फिफ्टी-फिफ्टी आणि जानेवारीतही फिफ्टी-फिफ्टी? हे बोलणारा माणूस अडाणी नसतो, तो हा धडा शिकून पास झालेला असतो.

लाप्लासचं सूर्योदयाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. पाच हजार वर्षं, म्हणजे १८,२६,२१३ दिवस, सूर्य रोज उगवला. उद्या उगवेल याची पैज किती लावावी? त्याच्या नियमानं १८,२६,२१४ विरुद्ध एक. यावर दोनशे वर्षं लोक हसत आले आहेत. न्यायानं बोलायचं तर लाप्लास लगेच पुढे सांगतो की, ज्याला दिवस-रात्रीचं कारण माहीत आहे त्याची खात्री याहून कितीतरी मोठी असेल. हे पुढचं वाक्य बहुतेक टीकाकार गाळतात. पण गाळलं नाही तरी प्रश्न राहतोच: मग तो आकडा कोणासाठी आहे? ज्याला फक्त मोजता येतं आणि बाकी काहीच कळत नाही अशा माणसासाठी. असा माणूस कुठे असतो? गणिताच्या पेपरात. साक्षीदार खरं बोलतो की खोटं, न्यायाधीशांचं मत बरोबर की चूक, यालाही त्यानं हीच रीत लावली, आणि जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३च्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात त्याबद्दल फार कडक शब्द वापरले. तिथे मी मिलच्या बाजूनं आहे.

आपल्या परंपरेत या जागी एक चांगलं औजार आहे. जैनांच्या सप्तभंगीत 'अवक्तव्य' म्हणून एक भंग आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ मध्ये संख्याशास्त्राच्या पायाविषयी लिहिताना स्याद्वादाकडे लक्ष वेधलं होतं. 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' नव्हे, 'एका अपेक्षेनं' हे जैन पंडित वारंवार सांगतात आणि ते बरोबर आहे. सप्तभंगीत आकडे नाहीत, त्यामुळे तिला संभाव्यताशास्त्र म्हणायची घाई नको. पण आपल्या धड्याच्या शेवटच्या उदाहरणसंग्रहात एक तरी गणित असं असावं की ज्याचं बरोबर उत्तर 'दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही' हे असेल. मला अजून तसं आढळलेलं नाही.

आणि आता ज्यासाठी एवढं सगळं सांगितलं, ती गोष्ट. अनेक पुस्तकांत हे गणित असतं: एका कुटुंबात दोन अपत्ये आहेत, दोन्ही मुली असण्याची संभाव्यता किती? उत्तर एक चतुर्थांश. मुलगा आणि मुलगी समसंभाव्य धरून. नाण्याच्या जागी मूल ठेवलं, बाकी सगळं तेच.

लाप्लासच्या निबंधात मुलं नाण्यासारखी नाहीत. त्यानं जन्माच्या नोंदी बघितल्या. युरोपात ठिकठिकाणी २१ मुलींमागे २२ मुलगे, असं प्रमाण त्याला स्थिर दिसलं. म्हणजे निसर्गतःच हे नाणं किंचित कललेलं. पण पॅरिसच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत, १७४५ पासून १७८४ पर्यंतच्या, प्रमाण निघालं २४ मुलींमागे २५ मुलगे. फरक बारीक आहे. आपण म्हणू, असेल योगायोग. लाप्लास म्हणाला, नाही. इतक्या मोठ्या संख्येत एवढा फरक योगायोगानं येणं अवघड, याला कारण असलं पाहिजे. आणि त्यानं शोधलं. पॅरिसमध्ये टाकून दिलेल्या मुलांसाठी एक अनाथालय होतं, तिथल्या मुलांची नोंद पॅरिसच्या नोंदींत मिसळत होती. आजूबाजूच्या खेड्यांतले, प्रांतांतले आईबाप तिथे मुलं आणून सोडत, आणि मुलगे कामाला उपयोगी म्हणून घरी ठेवून घेत, मुली तुलनेनं जास्त सोडत. ती मुलं हिशेबातून काढली की पॅरिसचं प्रमाण पुन्हा २२ ला २१ झालं.

जरा विचार करा, काय झालं इथे. दोन अपूर्णांकांतल्या बारीकशा फरकानं खेड्यापाड्यांतल्या घराघरांत घेतलेला निर्णय उघड केला. कुणाची साक्ष काढली नाही, कुणाला विचारलं नाही. 'समसंभाव्य आहेत का?' हा प्रश्न विचारला, नसल्याचं दिसलं, आणि 'का नाहीत?' हा दुसरा प्रश्न विचारला. माझ्या मते त्या निबंधातला हा सर्वांत चांगला भाग आहे. राक्षसी बुद्धीची ती प्रसिद्ध कल्पना, जिला सगळं भूत-भविष्य दिसतं, ती सगळे उद्धृत करतात. हे अनाथालय कोणी उद्धृत करत नाही.

आता हेच महाराष्ट्रात आणा. २१ मुलींमागे २२ मुलगे म्हणजे हजार मुलग्यांमागे साधारण ९५५ मुली. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८९४. जन्माचं प्रमाण आणि या वयोगटातलं प्रमाण एकच नव्हे, मधल्या काळातले मृत्यू हिशेबात धरावे लागतात. पण त्या वयात निसर्गतः मुलगे थोडे अधिक दगावतात, म्हणजे काहीच घडलं नसतं तर आकडा ९५५ च्या खाली जायचं कारण नव्हतं. हजारामागे साठ. आणि लोकसंख्या लाखांत, कोटींत. योगायोगाला इथे जागाच नाही. पॅरिसचे आईबाप मुली दारात सोडून जात होते, निदान त्या जिवंत होत्या. आपल्याकडे सोनोग्राफी आली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्रानं १९८८ मध्येच कायदा केला, देशाच्या आधी. केंद्राचा कायदा १९९४ चा. आकडा त्यानंतरचा आहे.

आणि याच महाराष्ट्रात दहावीच्या वयाची मुलगी वर्गात बसून लिहिते: मुलगा आणि मुलगी समसंभाव्य, म्हणून उत्तर एक चतुर्थांश. पूर्ण मार्क. तिच्या वर्गात मुली किती आणि मुलगे किती, हे तिनं मोजून बघावं, गावातल्या अंगणवाडीची पटसंख्या आणावी, असं तो धडा तिला एकदाही सांगत नाही. एका वर्गाच्या आकड्यावरून काही सिद्ध होणार नाही, हेही तिला कळायला हवं. चाळीस मुलांत सतरा मुली असल्या तर तो नुसता योगायोग असू शकतो. चाळीस हजारांत सतरा हजार असल्या तर नाही. हा फरक समजणं म्हणजे संभाव्यता समजणं. सूत्र नंतर आलं तरी चालेल.

शिक्षक मंडळी म्हणतील, सर, तास किती मिळतात या धड्याला? परीक्षेत काय येणार ते आम्हाला ठाऊक आहे. बरोबर आहे, मी तुमच्या जागी नाही. म्हणून वेळ वाढवून मागत नाही, अदलाबदल सुचवतो. पत्त्यांची उदाहरणं निम्मी करा. आजकाल पुष्कळ मुलांना इस्पिक, किलवर माहीतच नसतं, काही घरांत पत्त्यांना हात लावू देत नाहीत. त्यांचा अर्धा वेळ राजा-राणी-गुलाम पाठ करण्यात जातो, त्याचा गणिताशी संबंध नाही. तो तास कवडीला द्या. कवडी आधी, नाणं नंतर. कारण असमान आधी बघितलं की समान म्हणजे काय हे आपोआप विचारलं जातं, उलट क्रमानं विचारलं जात नाही. मग दालांबेरचा खेळ. मग सूत्र, आणि सूत्राखाली प्रत्येक गणितात एक ओळ लिहायची सक्ती: 'या निष्पत्ती समसंभाव्य धरल्या आहेत, कारण…' कारण लिहिता आलं नाही तर तसं लिहावं. परीक्षक त्या ओळीला मार्क देणार नाही, कापणारही नाही.

दोन अपत्यांचं गणित मात्र धड्यातून काढू नका. ते राहू दे, फक्त शेवटी घ्या, आणि त्याच्यासोबत जनगणनेचं कोष्टक ठेवा. एवढंच. वेळ झाली आहे. मागच्या रांगेतल्या बाई मघापासून हात वर करून आहेत, त्यांचा प्रश्न आधी घेऊ.